सर्वांत स्वस्त ताट : एका ओळीच्या आज्ञेचें गणित

घर चालविणाऱ्या प्रत्येकास रोज एक गणित सोडवावें लागतें. पैसा मर्यादित, माणसांच्या गरजा ठरलेल्या आणि बाजारांतील भाव आपल्या हातीं नाहींत. अशा स्थितींत काय घ्यावें, किती घ्यावें आणि काय सोडून द्यावें, हें तें गणित होय. गृहिणी तें अनुभवानें सोडविते, कारखानदार हिशेबनिसाच्या मदतीनें सोडवितो आणि रेल्वेचा अधिकारी वेळापत्रक पुढें घेऊन सोडवितो. गेल्या पाऊणशेंहून अधिक वर्षांत या एकाच जातीच्या गणितांचें एक स्वतंत्र शास्त्र बनलें असून, तें सोडविणारी साधनें आज कोणाच्याहि घरच्या संगणकावर विनामूल्य बसवितां येतात. त्या साधनांस सॉल्व्हर असें म्हणतात. त्यांपैकीं एकाशीं आपला परिचय करून द्यावा, तो कसा चालवावा हें सांगावें आणि चालवितांना कोणती गोष्ट विसरूं नये हें विशेषेंकरून सांगावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

या शास्त्राच्या आरंभींच एक ताट मांडलेलें आहे. जॉर्ज स्टिग्लर नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील प्रश्न असा : सुमारें ७० किलो वजनाच्या व मध्यम श्रमाचें काम करणाऱ्या पुरुषास वर्षभर पोसावयाचें, तर कमींत कमी किती खर्च येईल? स्टिग्लरनें ७७ खाद्यपदार्थ विचारांत घेतले. उष्मांक, प्रथिनें, कॅल्शियम, लोह आणि पांच जीवनसत्त्वें मिळून ९ गोष्टींचें किमान प्रमाण त्यानें ठरविलें आणि १९३९ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील भाव धरले. त्याच्या हिशेबांत शेवटीं पांचच पदार्थ उरले : गव्हाचें पीठ, डबाबंद आटीव दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या घेवड्याचे दाणे. खर्च आला वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. मात्र हें उत्तर त्यानें तर्कानें, एकेक पर्याय चाचपून काढलें होतें. याहून स्वस्त ताट असूंच शकत नाहीं, हें सिद्ध करण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें.

तें साधन दोनच वर्षांनीं निघालें. अमेरिकेच्या विमानदलाच्या नियोजनाचें काम करणारा गणिती जॉर्ज डँट्झिग यानें १९४७ सालीं 'सिंप्लेक्स' नांवाची रीत शोधून काढली. तिची परीक्षा घेण्यासाठीं स्टिग्लरचेंच ताट निवडण्यांत आलें. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेंत जॅक लॅडरमन याच्या देखरेखीखालीं, हातानें चालविण्याच्या गणनयंत्रांवर तो हिशेब झाला. एका माणसाचा एक दिवस या मापानें मोजल्यास त्यास १२० दिवसांचें काम लागलें. उत्तर आलें ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनीं चुकला होता! पण आतां एक नवी गोष्ट हातीं आली होती : दिलेल्या अटींत याहून स्वस्त ताट नाहीं, याची खात्री. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अशाच जातीचा प्रश्न १९३९ सालीं लेनिनग्राड येथें लिओनिद कांतोरोविच यानें प्लायवुडच्या कारखान्यासाठीं हाताळला होता व त्या कार्याबद्दल त्यास १९७५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटाहि मिळाला. परंतु त्या काळीं पाश्चात्य जगास त्याच्या कामाची वार्ता नव्हती.

सिंप्लेक्स रीतीचें मर्म समजण्यास फारसें गणित लागत नाहीं. आपल्या प्रत्येक अटीस एक सपाट भिंत समजा. 'प्रथिनें इतकीं तरी हवींत' ही एक भिंत, 'उष्मांक इतके तरी हवेत' ही दुसरी. या सर्व भिंतींनीं जी जागा मर्यादित होते, तींतील प्रत्येक बिंदु म्हणजे चालण्याजोगें एक ताट होय. असे बिंदु अगणित असतात. परंतु खर्च आणि अटी या दोन्ही सरळ प्रमाणांत वाढणाऱ्या असतील, म्हणजे दुप्पट मालाला दुप्पट दाम व दुप्पट पोषण असा हिशेब असेल, तर सर्वांत स्वस्त ताट नेहमीं कोठल्यातरी कोपऱ्यावर सांपडतें. म्हणून ही रीत एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक स्वस्त कोपऱ्यावर जाते आणि जेथून पुढें स्वस्त कोपरा उरत नाहीं तेथें थांबते.

या रीतीस पुढें एक मोठा प्रतिस्पर्धी लाभला आणि तो एका मराठी माणसाच्या बुद्धींतून निघाला, हें आपणांस ऐकून संतोष वाटेल. ग्वाल्हेर येथें जन्मलेले व मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनीं १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतांना निराळाच मार्ग दाखविला. कोपऱ्याकोपऱ्यांनीं भिंतीच्या कडेनें चालण्याऐवजीं जागेच्या अंतर्भागांतून वाट काढीत इष्ट कोपऱ्याकडे जावें, असा तो मार्ग आहे. आज चांगल्या सॉल्व्हरमध्यें कोपऱ्यांची रीत व अंतर्भागाची रीत अशा दोन्ही असतात आणि कोणती वापरावी हें आपण एका शब्दानें सांगूं शकतों.

आतां हा शब्द कोणास व कसा सांगावयाचा, तें पाहूं. संगणकाशीं बोलण्याच्या मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा चित्रांची : पडद्यावर खुणा व खिडक्या असतात आणि त्यांवर टिचकी मारावयाची असते. दुसरी तऱ्हा अक्षरांची : एक रिकामी खिडकी उघडते, तींत एक खूण लुकलुकत असते, आपण एक ओळ लिहावी आणि एंटरची कळ दाबावी. या दुसऱ्या तऱ्हेस कमांड लाइन, म्हणजे आज्ञेची ओळ, असें म्हणतात. पहिली तऱ्हा दुकानांत बोट दाखवून माल मागण्यासारखी आहे. दुसरी वाण्याकडे यादी लिहून पाठविण्यासारखी आहे. बोट दाखवून मागितलेल्या मालाचा मागमूस राहत नाहीं. यादी मात्र राहते. पुढच्या महिन्यांत तीच पुन्हां पाठवितां येते आणि वाद निघाला तर काढून दाखवितांहि येते. या फरकाचें महत्त्व पुढें आपल्या ध्यानांत येईल.

आजच्या प्रयोगासाठीं मी जी.एल.पी.के. नांवाचें साधन घेतों. मॉस्को येथील आंद्रेई माखोरिन यांनीं तें लिहिलें असून, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत त्याचा समावेश आहे. तें विनामूल्य मिळतें, इतकेंच नव्हे तर त्याची आंतील रचनाहि कोणासहि उघडून वाचतां येते. हल्लीं एडिंबरो विद्यापीठांत तयार झालेला हाय्‌ज नांवाचा सॉल्व्हर याहून पुष्कळ वेगवान मानला जातो. परंतु शिकण्यास जी.एल.पी.के. सोपें आहे.

आपण एक लहानसें ताट मांडूं. पदार्थ दोनच : ज्वारी आणि तुरीची डाळ. ठोकळ मानानें शंभर ग्रॅम ज्वारींत ३५० उष्मांक व १० ग्रॅम प्रथिनें असतात. शंभर ग्रॅम डाळींत जवळजवळ तितकेच उष्मांक व २२ ग्रॅम प्रथिनें असतात. उदाहरणापुरते भाव असे धरूं कीं, ज्वारी किलोला ६० रुपये आणि डाळ किलोला १२० रुपये. म्हणजे शंभर ग्रॅमला अनुक्रमें ६ व १२ रुपये. दिवसाला किमान २,१०० उष्मांक आणि ७२ ग्रॅम प्रथिनें मिळालीं पाहिजेत, अशा दोन अटी घालूं. शंभर ग्रॅम हें एक माप मानून हा सर्व प्रश्न एका साध्या फाइलींत असा लिहितां येतो :

कमींत कमी करा
खर्च : ६ ज्वारी + १२ डाळ
अटी
उष्मांक : ३५० ज्वारी + ३५० डाळ ≥ २१००
प्रथिनें : १० ज्वारी + २२ डाळ ≥ ७२
समाप्त

प्रत्यक्षांत हीं अक्षरें रोमन लिपींत असतात. 'कमींत कमी करा' याऐवजीं 'मिनिमाइझ', 'अटी' याऐवजीं 'सब्जेक्ट टू' आणि 'समाप्त' याऐवजीं 'एंड' असे इंग्रजी शब्द लिहावे लागतात. ज्वारी वा डाळ उणी असूं नये, ही अट वेगळी लिहावी लागत नाहीं. फाइलीच्या या प्रकारांत ती गृहीतच असते. याच साधनाची मॅथप्रॉग नांवाची दुसरी, अधिक विस्तृत लेखनभाषा आहे. तिच्यांत मात्र ती गृहीत नसते, आणि आपण लिहिली नाहीं तर कांहीं प्रश्नांत यंत्र खुशाल उणे दोन किलो डाळ खरेदी करण्याचा सल्ला देईल. सांगण्याचा मुद्दा असा कीं, न सांगतां काय समजून घेतलें जातें व काय नाहीं, हें भाषेगणिक बदलतें. तें आधीं पाहून घ्यावें.

फाइल तयार झाली कीं आज्ञा द्यावयाची. ती अशी : जी, एल्, पी, एस्, ओ, एल् हीं सहा अक्षरें जोडून लिहावीं. मग मोकळी जागा सोडून दोन आडव्या रेघा व त्यांस लागून एल्, पी. पुन्हां मोकळी जागा सोडून आपल्या फाइलीचें नांव. त्यानंतर एक आडवी रेघ व तीस लागून ओ, आणि शेवटीं ज्या फाइलींत उत्तर हवें तिचें नांव. इतकें लिहून एंटर दाबलें कीं पापणी लवते न लवते तोंच काम आटोपतें. पडद्यावर कांहीं ओळी उमटतात. त्यांत पावलाचा क्रमांक, त्या पावलावरील खर्च आणि अटींचा अद्याप किती भंग होत आहे तो आंकडा, अशा तीन गोष्टी दिसतात. भंगाचा आंकडा शून्य होतो तेव्हां ताट चालण्याजोगें झालें. खर्च उतरावयाचा थांबतो तेव्हां तें सर्वांत स्वस्त झालें.

आपल्या प्रश्नाचें उत्तर येतें : ज्वारी ५ मापें, डाळ १ माप, म्हणजे अर्धा किलो ज्वारी आणि शंभर ग्रॅम डाळ. खर्च ४२ रुपये. तें पडताळून पाहणें अवघड नाहीं. सहा मापांचे २,१०० उष्मांक झाले. ज्वारीचीं ५० व डाळीचीं २२ मिळून ७२ ग्रॅम प्रथिनें झालीं. यंत्राचें उत्तर शक्य तेथें असें हातानें ताडून पाहावें. त्याच फाइलीवर दुसरा सॉल्व्हर चालवून पाहणें, हा दुसऱ्या वैद्याचा सल्ला घेण्यासारखा आणखी एक उपाय आहे.

आज्ञेच्या ओळींत आणखी कांहीं शब्द घालतां येतात. दोन रेघा देऊन 'चेक' लिहिलें तर यंत्र प्रश्न सोडवीत नाहीं, फक्त वाचून लेखनाची तपासणी करतें. 'इंटीरिअर' लिहिलें तर कोपऱ्यांची वाट सोडून अंतर्भागाची वाट धरतें. 'टी.एम.लिम.' लिहून सेकंदांचा आंकडा दिला तर तेवढ्या वेळांत काम थांबवितें. या शेवटच्या शब्दाची गरज आपल्या ताटास नाहीं, पण जेथें अपूर्णांक चालत नाहींत तेथें ती फार भासते. दीड भाकरी खातां येते. दीड बस रस्त्यावर आणतां येत नाहीं. सर्व उत्तरें पूर्णांकांतच हवींत अशी अट पडली कीं प्रश्न एकदम कठीण होतो. मग यंत्रास शक्यतांच्या फांद्या पाडून एकेक फांदी तपासावी व छाटावी लागते. ही युक्ति एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोन विदुषींनीं १९६० सालीं प्रसिद्ध केली. अशा प्रश्नांत तासन्‌तास लागूं शकतात, आणि तेव्हां 'इतक्या वेळांत जें बरें सांपडेल तें दे' असें सांगणें शहाणपणाचें ठरतें.

कधीं कधीं यंत्र उत्तर देण्याचें नाकारतें, आणि तें नाकारणेंहि बोलकें असतें. 'चालण्याजोगें उत्तरच नाहीं' असें तें म्हणालें, तर आपल्या अटी परस्परविरोधी आहेत असें समजावें. उदाहरणार्थ, ३० रुपयांच्या आंत खर्च व्हावा अशी तिसरी अट आपण घातली असती तर हाच निकाल मिळाला असता. उलट 'उत्तरास मर्यादा नाहीं' असें तें म्हणालें, तर एखादी अट लिहावयाची राहिली आहे, हें नक्की. व्यवहारांत खर्च अनंत उतरत नाहीं किंवा नफा अनंत वाढत नाहीं. हे दोन निकाल म्हणजे यंत्राचा बिघाड, असा समज करून घेऊं नये.

उत्तराच्या फाइलींत 'मार्जिनल' या मथळ्याखालीं एक स्तंभ असतो. नवशिका वाचक तो सोडून देतो; वास्तविक त्यांतच पुष्कळ ज्ञान सांठविलेलें असतें. आपल्या उदाहरणांत प्रथिनांच्या ओळीसमोर ०.५ हा आंकडा येतो. त्याचा अर्थ असा कीं, प्रथिनांची अट ७२ ऐवजीं ७३ ग्रॅम केली तर खर्च ५० पैशांनीं वाढेल. बाजारांत प्रथिनें सुटीं विकत मिळत नाहींत. तरीहि आपल्या ताटांत एका ग्रॅमची किंमत काय पडते, हें या आंकड्यानें कळतें. अर्थशास्त्रांत तीस छाया-किंमत म्हणतात.

याच्याहि पुढें जातां येतें. आज्ञेंत 'रेंजेस' हा शब्द आणि एका नव्या फाइलीचें नांव घातलें कीं, भाव कोठपर्यंत बदलले तर हेंच ताट कायम राहील, याचा अहवाल मिळतो. आपल्या ताटासंबंधीं तो असें सांगतो : ज्वारीचा भाव तोच राहिला, तर डाळीचा भाव किलोला १३२ रुपये होईपर्यंत ताटांत शंभर ग्रॅम डाळ राहील. १३२ च्या वर एक रुपया जरी गेला, तरी डाळ ताटांतून सर्वस्वी नाहींशी होईल आणि ७२० ग्रॅम नुसती ज्वारी उरेल. खर्च ४३ रुपये २० पैसे, आणि दोन्ही अटी पूर्ण.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. हिशेबांत कोठेंहि चूक नाहीं. उष्मांक पुरे आहेत, प्रथिनांचें वजन पुरें आहे, आणि याहून स्वस्त कांहीं नाहीं हेंहि सिद्ध झालें आहे. तरीहि हें ताट वाईट आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मिथिओनीन कमी पडतें, त्याची भरपाई धान्य करतें. भाकरीशीं वरण हवें, ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी समजूत पोषणशास्त्रानेंहि खरी ठरविली आहे. पण ती गोष्ट आपण फाइलींत लिहिली नव्हती. आपण केवळ ग्रॅम लिहिले, आणि यंत्रानें केवळ ग्रॅम मोजले.

खुद्द डँट्झिगलाहि हा अनुभव आला, आणि त्यानें तो पुढें मोठ्या विनोदानें लिहून ठेवला आहे. १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत वजन उतरविण्यासाठीं त्यानें आपला आहार संगणकाकडून ठरवून घेण्याचें मनांत आणलें. उष्मांक कमी असावेत, पण पोट भरल्यासारखें वाटावें, हा हेतु. पोट भरल्याचें माप म्हणून त्यानें अन्नाच्या वजनांतून त्यांतील पाण्याचें वजन वजा केलेला आंकडा घेतला. संगणकानें त्यास जो आहार सुचविला त्यांत ५०० गॅलन शिर्का होता! कोष्टकांत शिर्क्याच्या पाण्याचा आंकडा शून्य धरलेला होता. त्यामुळें यंत्राच्या दृष्टीनें तो अगदीं घन, पोटभरीचा पदार्थ ठरला. शिर्का यादींतून काढला, तेव्हां दिवसाला मांसरसाच्या २०० वड्या खाव्यात असा सल्ला आला, आणि त्या निव्वळ खारट निघाल्या. एका दिवसांत मीठ फार खाऊं नये, असें संगणकास कोणींहि सांगितलेलें नव्हतें. मग पदार्थांवर कमाल मर्यादा घालणें भाग पडलें. तरी पुढें कोंड्याची पाळी आलीच. शेवटीं त्याच्या पत्नीनें संगणकाचे हे सर्व बेत पाहिले, त्यांतलें घेण्याजोगें तेवढें घेतलें आणि आपल्या विचारानें त्याचा आहार ठरवून दिला. स्टिग्लरनेंहि आपलें तें पांच पदार्थांचें ताट कोणास खाण्यासाठीं सुचविलें नव्हतें. भाव आणि पोषण यांचा संबंध दाखविण्यासाठींच तें मांडलें होतें.

या गोष्टीवरून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात कीं, यंत्रास काय कळतें, हिशेब आपला माणसानेंच करावा. हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. जें कळतें पण लिहिलेलें नाहीं, तें लिहून काढावें, हा योग्य मार्ग होय. आपल्या फाइलींत एकच ओळ वाढवूं : 'डाळ किमान ०.६', म्हणजे भाव कांहींहि असो, ६० ग्रॅम डाळ ताटांत असलीच पाहिजे. आतां डाळ किलोला १४० रुपये झाली असें धरून तीच आज्ञा पुन्हां देऊं. उत्तर येतें : ज्वारी ५८८ ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम, खर्च ४३ रुपये ६८ पैसे. नुसत्या ज्वारीचें ताट ४३ रुपये २० पैशांचें होतें. म्हणजे ताटांत वरण ठेवण्याची किंमत माणशीं दिवसाला ४८ पैसे पडली.

हे ४८ पैसे घरच्या एका माणसापुरते क्षुल्लक आहेत. पण हजार माणसांचें वसतिगृह असेल तर ते दिवसाला ४८० रुपये आणि वर्षाला १,७५,२०० रुपये होतात. तेव्हां समितीच्या बैठकींत कोणीतरी विचारणारच कीं, हा खर्च कशासाठीं. या प्रश्नाचें उत्तर यंत्र देणार नाहीं, आणि त्यानें द्यावें अशी अपेक्षाहि करूं नये. पण यंत्रानें एक मोठें काम करून ठेवलें आहे : आपल्या आग्रहाची नेमकी किंमत त्यानें पैशांत मांडून दाखविली आहे. आतां बोलणें संदिग्ध राहत नाहीं. एका बाजूस ४८ पैसे आणि दुसऱ्या बाजूस ताटांतलें वरण, असा स्पष्ट निवाडा समितीनें करावयाचा आहे, आणि तो करणाऱ्यांचीं नांवें इतिवृत्तांत असावयाचीं आहेत. सार्वजनिक कामांत संगणकावर भार टाकून 'उत्तर असें आलें' एवढेंच सांगणारे अधिकारी आढळतात. त्यांस नम्रपणें म्हणावें कीं, उत्तर पुरे झालें, आतां प्रश्न दाखवा.

आणि या ठिकाणीं आज्ञेच्या ओळीचा खरा उपयोग दिसून येतो. बोटानें टिचक्या मारून केलेला हिशेब दुसऱ्या दिवशीं करणारासहि सांगतां येत नाहीं. येथें मात्र प्रश्न एका फाइलींत आहे, आज्ञा एका ओळींत आहे आणि उत्तर दुसऱ्या फाइलींत आहे. प्रश्नाची फाइल बहुधा एका पानांत मावते आणि ती वाचण्यास गणिताची पदवी लागत नाहीं. डाळीची ओळ आहे किंवा नाहीं, मिठास मर्यादा घातली आहे किंवा नाहीं, हें शाळेंत बेरीज-गुणाकार शिकलेल्या कोणासहि पाहतां येतें. ज्यास शंका असेल त्यानें तीच फाइल आपल्या घरीं न्यावी, तीच ओळ लिहावी आणि तेंच उत्तर येतें का तें पाहावें. भाव बदलले तर एक आंकडा बदलावा. नवी अट सुचली तर एक ओळ वाढवावी आणि जुनी फाइल जपून ठेवावी, म्हणजे कोणत्या दिवशीं काय वाढलें तें कळेल.

ज्यांस हें करून पाहावयाचें असेल, त्यांनीं आरंभ लहान करावा. पहिल्या दिवशीं दोन पदार्थ व दोन अटी पुरेत; उत्तर कागदावर ताडून पाहतां येईल असा प्रश्न घ्यावा. मग आपल्या घरच्या महिन्याच्या सामानाची यादी घ्यावी, पदार्थ दहापर्यंत वाढवावेत आणि भाव खरे घालावेत. पहिलें उत्तर बहुतेक हास्यास्पद येईल. महिनाभर एकच पदार्थ खावा असा कांहींतरी सल्ला मिळेल. त्यावर हंसून फाइल मिटवूं नये. घरांतील जाणत्या माणसास तें उत्तर वाचून दाखवावें आणि 'यांत काय बिघडलें?' असें विचारावें. 'मुलें रोज हें खाणार नाहींत,' 'एवढी पालेभाजी टिकणार नाहीं,' 'आजींना हें पचत नाहीं,' अशीं वाक्यें ऐकूं येतील. त्यांतील प्रत्येक वाक्य ही एक नवी ओळ आहे. ती फाइलींत लिहावी आणि यंत्र पुन्हां चालवावें. चार-पांच फेऱ्यांनंतर ताट ओळखीचें दिसूं लागेल; आणि आजवर घरांतील एका माणसाच्या डोक्यांत असलेला हिशेब प्रथमच सर्वांस वाचतां येईल असा कागदावर उतरलेला असेल.